वर्धा योजना, झाकीर हुसैन आणि साडेपाच तासांची शाळा

डीएड किंवा बीएड केलेल्या प्रत्येकाने 'वर्धा शिक्षण योजना' या विषयावर परीक्षेत टीप लिहिलेली असते. मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, मूलोद्योग, स्वावलंबन, अहिंसा असे पाच मुद्दे लिहिले की पाच गुण मिळतात. योजनेचे जनक महात्मा गांधी, आणि कंसात समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसैन. कंसातला हा माणूस तिथे कसा आला, त्याने काय म्हटलं, आणि ज्या कौमसाठी तो आयुष्यभर झिजला तिनेच त्याच्या अभ्यासक्रमाला विरोध का केला, हे त्या दोन पानांच्या धड्यात नसतं. हा अभ्यासक्रम मुळात खेड्यातल्या छोट्या शाळेसाठी होता. एक शिक्षक, तीसच्या आत मुलं, जवळच्या शेतातला कापूस. त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा हक्क खेड्यात शिकवणाऱ्या शिक्षकांना इतरांपेक्षा थोडा जास्तच आहे असं मला वाटतं.

१९३७ साली प्रांतांत निवडणुका होऊन काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. त्यांच्यासमोर एक विचित्र पेच होता. दारूबंदी करायची तर अबकारीचं उत्पन्न जाणार, आणि शाळांचा खर्च बऱ्याच अंशी त्याच उत्पन्नातून चालत होता. म्हणजे मुलांना शिकवायचं असेल तर बापाने दारू प्यायला हवी! गांधीजींनी 'हरिजन'मधून यावर उत्तर मांडलं, की शिक्षण एखाद्या हस्तोद्योगातून द्यावं आणि मुलांनी तयार केलेल्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा. साक्षरता हे शिक्षणाचं साध्य नव्हे, ते एक साधन आहे, असंही त्यांनी लिहिलं. देशभर वाद सुरू झाला. मग २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी होते, आणि बोलावलेल्यांमध्ये दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे प्रमुख झाकीर हुसैन होते. वय चाळीस.

हे जामिया म्हणजे तेव्हा आजच्यासारखं विद्यापीठ नव्हतं. १९२० साली, खिलाफत आणि असहकाराच्या दिवसांत, अलीगढच्या सरकारी मदतीवर चालणाऱ्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांनी आणि उस्तादांनी ते सुरू केलं. झाकीर हुसैन त्या मुलांपैकीच एक. १९२५ मध्ये जामिया दिल्लीला करोल बागेत आलं. झाकीर हुसैन तेव्हा बर्लिनमध्ये अर्थशास्त्रात डॉक्टरेट करत होते. १९२६ मध्ये आबिद हुसैन आणि मुहम्मद मुजीब या दोन मित्रांसह ते परतले ते थेट या कर्जात बुडालेल्या संस्थेत. पुढे इथल्या शिक्षकांनी वीस वर्षं सेवा करण्याची आणि महिना १५० रुपयांपेक्षा जास्त न घेण्याची शपथ घेतली, आणि प्रत्यक्षात हाती पडे ते त्याहूनही कमी. १९३५ साली ओखल्याला नव्या इमारतीची पायाभरणी झाली, ती कुठल्या नवाबाच्या हस्ते नव्हे तर शाळेतल्या सर्वांत लहान मुलाच्या हस्ते.

जर्मनीत त्यांनी म्युनिकच्या गेऑर्ग केर्शेनस्टाइनर या शिक्षणतज्ज्ञाचा विचार अभ्यासला होता. केर्शेनस्टाइनरची 'कामाची शाळा' म्हणजे कारखाना नव्हे. मुलाने काम आधी मनात आखायचं, मग करायचं, आणि झाल्यावर स्वतःच तपासायचं की ठरवलं होतं तसं झालं का. या तिन्ही गोष्टी असतील तरच ते काम शिक्षण, नाहीतर नुसती मजुरी. झाकीर हुसैन हा फरक आयुष्यभर सांगत राहिले. मुलांची त्यांना मनापासून ओढ होती. 'अब्बू खां की बकरी' ही त्यांची गोष्ट उर्दू शाळेत शिकलेल्या पिढ्यांना माहीत आहे. आपल्या वारलेल्या लहानग्या मुलीच्या, रुकय्या रेहानाच्या, नावाने ते मुलांसाठी लिहीत असत.

असा माणूस वर्ध्याला उभा राहिला तेव्हा त्याने 'महात्माजी, वाहवा' म्हटलं नाही. त्यांनी आधी सांगितलं, की कामातून शिक्षण ही कल्पना नवी नाही, जगात अनेक ठिकाणी तिच्यावर प्रयोग झाले आहेत. आणि मग, ज्या स्वावलंबनाच्या मुद्द्यासाठी सगळा खटाटोप सुरू होता, त्यावरच बोट ठेवलं. पगार मुलांच्या मालातून काढायचा म्हटलं तर शिक्षक गुलामांवरचा मुकादम होईल, गरिबांच्या पोरांची मेहनत पिळून घेईल, आणि तसं झालं तर टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, देशात झाकलेल्या गुलामीचा पाया घातला जाईल, अशा आशयाचं ते बोलले. तेही गांधीजींसमोर, त्यांच्याच अध्यक्षतेखाली. आणि गांधीजींनी काय केलं? अभ्यासक्रम आखायच्या समितीचं अध्यक्षपद याच माणसाकडे दिलं. आजच्या शैक्षणिक समित्या कशा बनतात हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांनी इथे क्षणभर थांबावं.

समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मश्रुवाला, श्रीकृष्णदास जाजू, जे. सी. कुमारप्पा, के. टी. शहा. शांतिनिकेतनातून आलेलं आर्यनायकम् दांपत्य होतं, ई. डब्ल्यू. आर्यनायकम् सिलोनचे तमिळ ख्रिस्ती आणि आशादेवी बंगाली. आणखी एक नाव होतं ख्वाजा गुलामुस्सय्यदैन यांचं. पानिपतचे, मौलाना हालींच्या घराण्यातले, इक्बालच्या शिक्षणविचारावर पुस्तक लिहिणारे. स्वातंत्र्यानंतर हेच सय्यदैन मुंबई सरकारचे शिक्षण सल्लागार होते, ही गोष्टही आपल्याकडे कोणाच्या लक्षात नाही. या समितीने २ डिसेंबर १९३७ ला अहवाल दिला. म्हणजे सहा आठवडे सुद्धा पूर्ण लागले नाहीत.

अहवालात शाळेच्या दिवसाचं वेळापत्रक आहे. मूलोद्योग ३ तास २० मिनिटं. संगीत, चित्रकला आणि अंकगणित ४० मिनिटं. मातृभाषा ४० मिनिटं. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान ३० मिनिटं. कवायत १० मिनिटं आणि मधली सुट्टी १० मिनिटं. एकूण साडेपाच तास. वर्षाचे २८८ दिवस, सात ते चौदा वयाची मुलं, सात इयत्ता. इंग्रजी नाही. सात वर्षांनंतर इंग्रजी वगळून बाकी ज्ञान मॅट्रिकच्या तोडीचं व्हावं अशी अपेक्षा होती.

पहिल्यांदा वाचताना धक्का बसतो तो त्या ३ तास २० मिनिटांचा. एवढा वेळ सूत काततच बसायचं? पण समितीची कल्पना अशी, की हे तास मातृभाषा, गणित आणि विज्ञानाचेही आहेत. टकळीवर किती तार निघाले ते मोजायचं, कालच्यापेक्षा किती जास्त, किती तुटले, शेकडा किती वाया गेले, हे झालं गणित. कापूस काळ्या जमिनीत का येतो, पाऊस लांबला तर बोंडाचं काय होतं, हे विज्ञान आणि भूगोल. वर्ध्याचा कापूस मँचेस्टरला का जात होता आणि कापड होऊन परत का येत होता, हा इतिहास. वर्ध्याच्या आसपासच्या पोराला हे समजावून सांगायला नकाशाचीही गरज नव्हती, त्याच्या घरच्या ओसरीत कापसाचा ढीग होता. वाचताना छान वाटतं. फक्त हे सगळं तकलीतून उलगडून दाखवणारा शिक्षक हवा, आणि त्याला महिना २५ रुपये, निदान २० तरी द्यावेत, असं अहवाल म्हणतो.

स्वावलंबनाबाबत समितीने शब्द जपून वापरले. शाळेचा खर्च निघाला नाही तरी ही पद्धत शिक्षण म्हणून स्वीकारावी असं तिने स्पष्ट नोंदवलं. झाकीर हुसैन यांची वर्ध्यातली शंका अहवालात अशी उतरली. पण त्याच अहवालात दर वर्षी किती माल निघेल, त्याचे किती पैसे होतील याचे हिशेबही आहेत. दोन मनांचा तो दस्तऐवज आहे.

यातलं मूल्य काय होतं? हाताने काम करणारा आणि डोक्याने काम करणारा यांच्यातली भिंत पाडणं. आपल्या देशात ही भिंत जातीने बांधली, आणि मुसलमानांतही अशराफ-अजलाफ म्हणून ती आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दाऊद अलैहिस्सलाम बादशहा असूनही आपल्या हाताच्या कमाईचं खात, हे मशिदीतल्या बयानात आपण ऐकतो, आणि बाहेर येऊन 'जुलाहा' हा शब्द हिणवण्यासाठी वापरतो. वर्धा योजनेत ब्राह्मणाच्या मुलानेही सूत कातायचं होतं, सय्यदाच्या मुलानेही. वर्गातली सफाई सगळ्यांनी करायची होती. कागदावर का होईना, १९३७ साली हे मोठं होतं.

आता विरोधाकडे येऊ. तो सगळाच मूर्खपणाचा होता असं म्हणणं सोपं आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच लेखनात तसंच म्हटलेलं असतं. तीन आक्षेप होते. अभ्यासक्रमात धर्मशिक्षण नव्हतं. गांधीजींचं म्हणणं होतं, की आज धर्म ज्या रीतीने शिकवले आणि पाळले जातात त्यातून एकी होण्याऐवजी भांडणंच होतात, म्हणून ते बाहेर ठेवलं. सर्व धर्मांबद्दल आदर मात्र शिकवायचा होता. ज्या समाजात मूल आधी मकतबमध्ये बसतं आणि मग शाळेत जातं त्याला हे पटणं कठीण होतं. गंमत म्हणजे झाकीर हुसैन यांच्या स्वतःच्या जामियात इस्लामचं शिक्षण होतं. त्यांना धर्म नको होता असं नाही. सरकारी शाळा आणि मिल्लतची शाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी त्यांची धारणा दिसते. दुसरा आक्षेप भाषेचा. अहवालात हिंदुस्थानी भाषेसाठी नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्यांना जागा होती. मराठीसारख्या प्रांतांत पाचवी-सहावीत हिंदुस्थानी, आणि लिपी मुलाने निवडायची. कागदावर यापेक्षा न्याय्य काय असणार? पण कागद आणि जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी यांच्यामध्ये बरंच अंतर असतं, हे उर्दू शिक्षकाला कोणी सांगायला नको.

तिसरा आक्षेप नावाचा, आणि तो थेट आपल्या नागपूर-वऱ्हाडातला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी एक योजना काढली. गावाने जमीन दान द्यायची, तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचा खर्च चालवायचा. या शाळांचं नाव ठेवलं 'विद्या मंदिर'. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची शाळा वर्ध्यातच निघाली, तिचं उद्घाटन एप्रिल १९३८ मध्ये गांधीजींनी केलं. मुसलमानांनी 'मंदिर' शब्दाला हरकत घेतली आणि प्रकरण पेटलं.

मी दोन्ही भाषा शिकवतो म्हणून हे मला दोन्ही बाजूंनी ऐकू येतं. मराठी कानाला 'मंदिर' म्हणजे फक्त देऊळ नव्हे. नाट्यमंदिर, वाचनमंदिर, विद्यामंदिर असे शब्द आपण रोज वापरतो, आजही कित्येक गावांत जिल्हा परिषद शाळेच्या पाटीवर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' लिहिलेलं असतं आणि तिथे शिकलेल्या मुसलमान पोरांच्या ईमानला काही झालेलं नाही. पण उर्दू कानाला 'मंदर' एकच अर्थ सांगतो. ज्या बापाला मराठी-हिंदीतल्या या दुसऱ्या अर्थाची ओळख नव्हती त्याला काय वाटलं असेल, हे सरकारला समजायला हवं होतं. नुसतं 'गावशाळा' म्हटलं असतं तर सरकारचं काय बिघडलं असतं? आणि उलट बाजूने, नावाच्या भांडणात आपल्या नेत्यांनी एवढी ताकद घातली, तेव्हा त्या शाळेत काय शिकवलं जाणार आणि शिकून मूल कुठे जाणार, हे किती जणांनी विचारलं? १९३८ च्या अखेरीस मुस्लिम लीगचा पीरपूर अहवाल आला. त्यात वर्धा योजना आणि विद्या मंदिर दोन्ही काँग्रेस राज्यातल्या मुसलमानांच्या गाऱ्हाण्यांत जमा झाली.

झाकीर हुसैन मध्ये सापडले. लीगवाले त्यांना काँग्रेसचे हस्तक म्हणत. पण याच माणसाने १९३५ साली काशी विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात, हिंदू श्रोत्यांसमोर, सांगितलं होतं की मुसलमान या देशाचा भाग आहेत आणि राहतील, पण एक राष्ट्र होण्यासाठी आपली तहजीब पुसून टाकायची अट त्यांना मान्य होणार नाही, आणि ती मान्य करणं देशाच्याही हिताचं नाही. काशीत हे, आणि वर्ध्यात गांधीजींसमोर ते. दोन्हीकडे त्यांनी समोरच्याला न आवडणारंच सांगितलं. १९३८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तानी तालीमी संघाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, आणि त्यांनी ते सांभाळलं.

धर्म, भाषा आणि नाव यांच्या गदारोळात जो प्रश्न मागे पडला तो मुलांच्या संधीचा. आणि माझ्या मते खरी मेख तिथे होती. मालेगाव-भिवंडीच्या मोमिन विणकराचा विचार करा. त्याचं पोर शाळेत न जाताही सात-आठ वर्षांचं असताना कांड्या भरायला बसतच होतं. त्याने पोर शाळेत घातलं ते मागातून सुटावं म्हणून. शाळेने पुन्हा त्याच्या हातात सूत दिलं, तर त्याला श्रमाची प्रतिष्ठा दिसेल की फसवणूक? महार-मांगाच्या बापाला, सुताराला, कुणब्यालाही हेच वाटलं असणार. श्रमाची प्रतिष्ठा त्यांना शिकवायची गरज नव्हती. ती ज्यांना शिकवायची गरज होती त्यांची मुलं शहरात इंग्रजी शाळेत होती, आणि तिथे कोणी टकळी नेली नाही. एकाच देशात दोन अभ्यासक्रम राहिले. खेड्यासाठी सूत आणि शहरासाठी शेक्सपिअर.

खेड्याचा अभ्यासक्रम वेगळा असावा असं म्हणणारे गांधीजी पहिले नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात मोडी आणि बाळबोध लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य असा अभ्यासक्रम मागितला होता. पण फुल्यांनी शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी वरच्या शिक्षणाची दारंही त्याच निवेदनात मागितली. शेती शिकवा, आणि पुढेही जाऊ द्या. वर्ध्याच्या अहवालात पहिला भाग आहे, दुसरा पुरेसा नाही.

हे सेवाग्रामलाच कळून आलं. (सेगावचं सेवाग्राम हे नाव १९४० मधलं.) आर्यनायकम् दांपत्याने तिथली शाळा जिद्दीने चालवली. १९४५ च्या परिषदेनंतर 'नई तालीम'चा विस्तार पूर्व-बुनियादी, बुनियादी, उत्तर-बुनियादी आणि प्रौढ असा झाला. उत्तर-बुनियादीतून बाहेर पडलेली मुलं शेती, हिशेब, आरोग्य, सामूहिक स्वयंपाक यांत तरबेज होती. पण हातात मॅट्रिकचा दाखला नव्हता, आणि विद्यापीठाचं दार त्याशिवाय उघडत नव्हतं. खेड्यातला बाप अशिक्षित असला तरी हे त्याला बरोबर समजतं. शाळा किती चांगली आहे हे तो मूल्यांवरून नाही, तर तिथून गेलेलं पोर कुठे पोचलं त्यावरून ठरवतो, आणि यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

मुलींबद्दलही एक ओळ अहवालात आहे, आणि ती कोणी उद्धृत करत नाही. पालकांची इच्छा असेल तर मुलीला बारा वर्षं पूर्ण झाल्यावर शाळेतून काढता येईल अशी मुभा समितीने ठेवली. त्या काळच्या बापांची समजूत काढायला ठेवली असेल. पण आज सातवीनंतर आमच्या उर्दू शाळांतून मुली ज्या वयात गळतात ते वय डोळ्यांसमोर आणा. मुलींच्या संधीचा प्रश्न झाकीर हुसैन यांच्या समितीनेही अर्ध्यावर सोडला, असं नाइलाजाने म्हणावं लागतं.

१९३९ च्या अखेरीस काँग्रेसची मंत्रिमंडळं गेली आणि बहुतेक प्रांतांत योजना थंडावली. स्वातंत्र्यानंतर ती सरकारी धोरण झाली, आणि सरकारी धोरणाचं जे होतं ते झालं. शाळांना 'बुनियादी' पाट्या लागल्या, चरखे आले, कपाटात गेले. तालीमी संघ १९५९ मध्ये सर्व सेवा संघात विलीन झाला. कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा शब्द दिला. त्या आयोगावरही सय्यदैन होते. महाराष्ट्रातल्या शाळेत आज कार्यानुभव ही तासिका आहे. बहुतेक ठिकाणी ती पोषण आहाराच्या नोंदी पूर्ण करण्यात, किंवा गणिताचा राहिलेला भाग उरकण्यात जाते, आणि वर्षाअखेर सगळ्यांना श्रेणी मिळते. ३ तास २० मिनिटांचं एवढंच उरलं. सेवाग्रामात मात्र २००५ पासून 'आनंद निकेतन' नावाची शाळा मराठी माध्यमात पुन्हा सुरू आहे. तिथे शेती आहे, स्वयंपाक आहे, सूतकताई आहे, आणि त्याबरोबर मुलं राज्याचा नेहमीचा अभ्यासक्रमही शिकतात, जेणेकरून पुढचं दार बंद होऊ नये.

झाकीर हुसैन पुढे अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू, बिहारचे राज्यपाल, उपराष्ट्रपती आणि १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. ३ मे १९६९ ला त्या पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. त्यांची कबर दिल्लीत जामियाच्या आवारात आहे. आपल्या शाळांच्या भिंतीवर राष्ट्रपतींच्या तक्त्यात त्यांचा फोटो तिसरा असतो. मुलं नाव वाचतात, तारीख पाठ करतात.